इंग्रजी कोण्या गावची?

हैदराबादला मी आजवर पुष्कळदा गेलो आहे. कधी परीक्षक म्हणून, कधी चर्चासत्राला, कधी बहिणीकडे राखीला. दुभाष्या म्हणून मात्र या खेपेला पहिल्यांदाच गेलो, आणि परत आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. ज्यांनी ते शहर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, पण यात किल्ले आणि मिनार सापडणार नाहीत. मी या वेळी जे पाहिलं ते चिक्कडपल्लीतल्या एका गच्चीवर आणि बेगम बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात.

माझी धाकटी बहीण सुजाता चिक्कडपल्लीत राहते. तिचा नवरा मिलिंद गेल्या वर्षी गेला. यकृताचा आजार होता, कळला तोवर उशीर झाला होता. त्याचा पहिला स्मृतिदिन होता. मिलिंदची आई, गयाबाई, देगलूरजवळच्या खेड्यात एकट्या राहतात. मुलगा गेला त्या दिवसांत त्यांचं मांडीचं हाड मोडलेलं होतं आणि त्यांना हलवता येत नव्हतं. मुलाचं शेवटचं दर्शन त्यांनी दुसऱ्याच्या फोनवर घेतलं. आता काठी टेकत चालू लागल्या, तेव्हा सुजाताने मला नांदेडला फोन केला : "दादा, येताना आत्याबाईंना घेऊन ये. त्यांना यायचंच आहे."

देगलूर ते हैदराबाद

देगलूरच्या स्टँडवर मावशी माझ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो, त्या मला मास्तर. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि नातीसाठी भाजून सोललेल्या शेंगा. बस सुटल्या सुटल्या त्यांनी मला एक भाकरी दिली आणि माझ्या दातांकडे बघत विचारलं, "चावतंय का अजून?"

मदनूर ओलांडलं की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात. पाटीखाली उभी असलेली माणसं मात्र अजून मराठीच बोलत असतात. भाषा आधी पाटीवर बदलते, तोंडात ती मागाहून येते. पिटलमला चहासाठी गाडी थांबली, तिथे चहावाला माझ्याशी हिंदी बोलला, मावशींशी मराठी, आणि ड्रायव्हरशी तेलुगू. आमच्या नांदेडात चहावाल्याला एवढं करावं लागत नाही.

गाडी पुन्हा चालू लागल्यावर मावशींनी विचारलं, "मास्तर, एक विचारू का? तुमी जलमभर इंग्रजी शिकवता. ही इंग्रजी हाय तरी कोण्या गावची?"

इंग्रजी भाषेचा इतिहास हा माझा वर्गात शिकवायचा विषय. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी सांगितलं : लांब एक पावसाळी बेट आहे. तिथे समुद्रापलीकडून काही टोळ्या होड्यांतून आल्या, त्यांची ही बोली. मग उत्तरेकडून लुटारू आले, त्यांचेही शब्द तिच्यात मिसळले. मग दुसऱ्या मुलखातल्या सरदारांनी बेट जिंकलं. दरबारात आणि कोर्टात त्यांची भाषा. इंग्रजी राहिली नांगर धरणाऱ्यांची आणि मोलकरणींची.

"म्हंजे आपल्यावानीच," मावशी म्हणाल्या. "निजामाच्या कचेरीत उर्दू अन् रानात मराठी."

"अगदी तसंच."

"मग ती येवढी माजली कशी?"

"छापखाने आले. मग जहाजं निघाली. व्यापाराला गेले तिथे राज्य करून बसले. राज्यं गेली, पण तोवर तीच भाषा बोलणारा दुसरा एक मोठा देश श्रीमंत झाला होता. मग विमानं, कॉम्प्युटर, सगळ्यांना तीच लागायला लागली."

"अन् कोणी हाकलली नाई तिला?"

"हाकलली असती तर आपलंच नुकसान होतं, मावशी."

हे मी मनापासून म्हणालो, आजही म्हणतो. गावच्या मराठीत आमच्या बापजाद्यांना कोणत्या शब्दांनी हाक मारली जायची ते मी इथे लिहिणार नाही. इंग्रजीत ते शब्द नव्हते. पहिल्यांदा इंग्रजीत बोललो तेव्हा समोरच्याला माझी वस्ती ओळखता आली नाही, आणि ते सुख मी विसरलेलो नाही. पण त्याच बेटाच्या कडेला आपली वेगळी बोली बोलणाऱ्या पोरांना शाळेत शिक्षा होत असे, हे मी मावशींना सांगितलं नाही. वर्गातही ते मी घाईने उरकतो.

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "नांगऱ्याची बोली व्हती म्हणता," त्या म्हणाल्या, "अन् आता नांगऱ्याच्या बायकोला सोताच्या नातीचं कळंना."

नात म्हणजे सुजाताची मुलगी प्राची. ती बालवाडीत असताना शाळेतल्या बाईंनी बजावलं होतं की घरी इंग्रजीच बोला. मिलिंदने मला फोन करून विचारलं. तो शाळेत असल्यापासून त्याला इंग्रजी मीच शिकवली होती, त्यामुळे या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मी म्हणालो, बोला, वर्षभर जड जाईल, मग सवय होईल. आमचे लोक एखादी गोष्ट पाळायची ठरवली की व्रतासारखी पाळतात. मिलिंदने पाळली. ऑफिसात तेलुगू आणि हिंदी, घरात इंग्रजी. मराठी उरली ती आईच्या फोनपुरती, आणि तो फोन तो बाल्कनीत जाऊन घ्यायचा.

संगारेड्डी मागे पडल्यावर मावशी ज्यासाठी निघाल्या होत्या ते बोलल्या.

"आमच्या गावात रीत हाय, मास्तर. माणूस जाताना उशाशी जो आसंल, त्यानं चार माणसांत उभं राहून सांगायचं, शेवटाला काय बोलणं झालं. शिवी दिली आसंल तर शिवी. तेवढं ऐकलं की जीव बसतो. माझा बसला नाई. वरीस झालं. लेकरू काय बोललं ते मला कोणी सांगंना."

"सुजाता नव्हती का जवळ?"

"ती औषधं आणाय खाली गेलती. पोरगी व्हती उशाशी. पोरीला इचारलं तर ती फोनवर इंग्रजीत रडती." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "म्हणून तुमाला संगं घेतलं. तुमी मधी बसा अन् मला सांगा."

मी हो म्हणालो. मला त्यात अवघड काहीच वाटलं नाही.

चिक्कडपल्ली

शहरात शिरताना भिंती बोलू लागतात. अमेरिकन उच्चार शिका, मुलाखतीची इंग्रजी, व्हिसाची इंग्रजी, परिचारिकांसाठी इंग्रजी. विजेच्या खांबावरसुद्धा कुणीतरी आपला नंबर चिकटवून ठेवलेला. रिक्षावाल्याला मी माझ्या पुस्तकी हिंदीत विचारलं, "चिक्कडपल्ली चलेंगे?" तर तो म्हणाला, "कम सर, नो प्रॉब्लेम, ट्रॅफिक लिटल हेवी." मावशींनी तोंडाला पदर लावला. बहुधा हसत होत्या.

सुजाताने जेवायला बगारा भात आणि खट्टी दाळ केली होती. माझ्या बहिणीची मराठी आता अशी आहे : "दादा, हल्लू खा, गरम आहे. और जरासी दाळ घालू का?" मी टोकत नाही. आमच्याकडे वरणात चिंच इतकी घातली तर सासू बोलेल, इथे घातली नाही तर पाहुणा विचारतो.

प्राची ऑफिसातून आली. बावीस-तेवीस वर्षांची, बापासारखं रुंद कपाळ. एका परदेशी इस्पितळाच्या बिलांचं काम करते, दिवसभर तिकडच्या लोकांशी बोलते. "हाय आजी," म्हणून ती वाकली. मावशींनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पाहत राहिल्या. "किती वाळलीस गं. खायलीस का नाई काही?" प्राची हसली आणि माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, मी बरी आहे. मी मराठीत सांगितलं. असा आमचा व्यवहार सुरू झाला.

प्राचीला मराठी येत नाही असं घरात सगळे म्हणतात. तीही म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घरात दिसेनात. सुजाता घाबरली, मी चपला न घालता खाली धावलो. त्या गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाड्यापाशी उभ्या होत्या आणि गाडेवाल्याशी भांडत होत्या. "ये बैंगन हैं क्या पत्थर हैं रे? कल के हैं ना? सच बोल." गाडेवाला म्हणत होता, "अम्मा, तुम काँ की हैं जी? हमारी नानी ऐसाइच बात करती थी." निजामाच्या राज्यात जन्मलेल्या आईबापांकडून मावशींना ही दखनी आली होती. घरी येऊन त्या प्राचीलाही म्हणाल्या, "खाना खा ली क्या?" आणि प्राची सहज म्हणाली, "हौ आजी, खा ली." स्वयंपाकघरात दोघींचं असं दोन-तीन शब्दांचं चालायचं. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. ती बाजारची बोली, वांगी घ्यायची. मोठ्या गोष्टींसाठी मी होतो.

कोठी

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी प्राची आणि मी कोठीला गेलो. पांढरं कापड आणि मेणबत्त्या घ्यायच्या होत्या. शिवाय तिथल्या फूटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात आणि ती पाहिल्याशिवाय माझा पाय तिथून निघत नाही. डॉक्टरकीची जाडजूड पुस्तकं, व्याकरणं, महिन्याभरात इंग्रजी शिकवणारी पातळ पुस्तकं, सगळी उन्हात वाकडी झालेली. एक इंग्रजी वाचनमाला मी उघडली. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर कुणीतरी पेन्सिलीने तेलुगूत अर्थ लिहिले होते. त्याच ओळींखाली दुसऱ्या कुणीतरी शाईने उर्दूत. एकाच पानावर दोघे धडपडले होते, वेगवेगळ्या वर्षी, आणि दोघांचेही अर्थ पुस्तकाच्या मध्यावर थांबले होते. पुढची पानं कोरी होती.

"मामा," प्राची इंग्रजीत म्हणाली, "आजी उद्या विचारणार, हो ना? सगळ्यांसमोर?"

"हो. त्यांची रीत आहे."

"मी इंग्रजीत बोललं तर चालेल?"

"चालेल. मी सांगेन त्यांना."

ती पुस्तकांच्या ढिगाकडे बघत राहिली. "जसंच्या तसं सांगाल?"

"जसंच्या तसं."

"प्रॉमिस?"

मी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती काही सांगू पाहत होती. मी थांबलो असतो तर तिने तिथेच सांगितलं असतं, असं मला आता वाटतं. पण मला समोरच्या रांगेत एक जुना शब्दकोश दिसला आणि मी तिकडे वळलो.

गच्चीवर

कार्यक्रम इमारतीच्या गच्चीवर झाला. बुद्धमूर्ती, मिलिंदचा फोटो, हार, मेणबत्त्या. मिलिंदच्या ऑफिसातले काही तेलुगू मित्र, शेजारी, आणि गावाकडून जीप करून आलेले भाऊबंद. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा प्राची आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींनाही सगळं पाठ. दोघींचेही आवाज एकाच जागी चढत आणि एकाच जागी उतरत होते. पाली दोघींनाही सारखीच कळत नाही, पण त्या वेळी तिथे दुभाष्याची गरज नव्हती.

खीर वाटून झाली. चार-पाच जण मिलिंदबद्दल बोलले. मग मावशी काठी टेकून उभ्या राहिल्या. "आता पोरगी सांगंल," त्या म्हणाल्या. "उशाशी ती व्हती." गावची माणसं सरसावून बसली. त्यांना रीत माहीत होती.

प्राची उभी राहिली. मी तिच्या शेजारी. ती हळू, स्वच्छ इंग्रजीत एकेक वाक्य बोलत होती आणि मी एकेक वाक्य मराठीत ठेवत होतो.

"दुपारची वेळ होती. आई खाली गेली होती."

मी सांगितलं.

"पापांनी डोळे उघडले आणि मला ओळखलं."

मी सांगितलं. मावशींनी पदर तोंडाशी नेला.

"ते बोलायला लागले. खूप वेळ बोलले. इतकं बोलताना मी त्यांना आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं."

मी सांगितलं.

मग ती म्हणाली, "ते सगळं मराठीत बोलले. त्यांच्या गावच्या मराठीत, भरभर. मला काहीच कळलं नाही."

मी थांबलो.

समोर मिलिंदचे काका-चुलते होते, सुजाता होती, मावशी होत्या. हे वाक्य मी मराठीत उच्चारलं की काय होईल ते मला दिसलं. बाप मरताना बोलत होता आणि पोरीला बापाची भाषा कळत नव्हती. माणसं पोरीकडे बघतील, मग सुजाताकडे, मग मिलिंदच्या फोटोकडे. आणि ज्यांना ठाऊक आहे ती माझ्याकडे. मी हे पोरीसाठी करतो आहे, म्हातारीसाठी करतो आहे, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. आज वाटत नाही.

मी म्हणालो, "तो म्हणाला, मायला सांगा, मी घरी येतो."

मावशींच्या तोंडून आवाज निघाला. रडण्याचा नव्हता. खांद्यावरचं ओझं उतरवताना बायका करतात तसा. गावची माणसं माना हलवू लागली. "घरी येतो म्हणला," कुणीतरी मागच्याला सांगितलं.

प्राची माझ्याकडे बघत होती. झालं का, असं विचारत असेल, मला वाटलं. मी मान डोलावली. ती खाली बसली.

बेगम बाजार

संध्याकाळपासूनच मावशींचा चेहरा बदलला. त्यांनी गावाकडे चार जणांना फोन लावून घेतले आणि प्रत्येकाला तेच वाक्य सांगितलं, माझं वाक्य. सकाळी उठल्यावर म्हणाल्या, "सुजाता, लेकरू घरी येतो म्हणलं. मग त्याच्या नावानं गावजेवण घालावं लागंल. मला मोठं पातेलं घेऊन दे. आमच्या वस्तीवर मोठं पातेलं नाई, दरयेळी मागून आणावं लागतंय."

सुजाता माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "दादा, तू आणि प्राची जा त्यांच्याबरोबर."

बेगम बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्याने मिरचीच्या गल्लीतून जाऊ नये. मी गेलो आणि पुढची दहा मिनिटं शिंकत होतो. मावशी माझी थट्टा करत पुढे. "मास्तरला मिरची सोसंना अन् म्हणं देगलूरच्या शेजारचा." भांड्यांच्या गल्लीत दुकानांच्या दारात पातेली एकात एक घालून माणसाच्या उंचीएवढी रचलेली. मावशी एकेक पातेलं बोटाने वाजवून बघत होत्या. दुकानदाराने वर टांगलेलं एक ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं काठीने काढून खाली ठेवलं. त्या आत वाकून बघू लागल्या.

मी बाहेरच्या पायरीवर उभा होतो. प्राची जवळ आली. आणि मराठीत बोलली. अडखळत, पण मराठीत.

"मामा, तुम्हाला कसं मालूम पडलं?"

"काय?"

"पापा घरी येतो बोलले, ते."

"तुला कळलं मी काय म्हणालो ते?"

"मला समजते मामा. हळू बोलले तर समजते. बोलायला शरम येते." मग ती इंग्रजीकडे वळली, कारण पुढचं तिला नीट सांगायचं होतं. ती म्हणाली, मी काल रात्री झोपले नाही. मला वाटलं, मी जे सांगितलं त्यावरून तुम्हाला काहीतरी उमगलं असेल. तुम्ही पापांना लहानपणापासून ओळखता. ते काय बोलले असतील ते तुम्हाला ठाऊक असेल. मला ते खरं असायला हवं होतं. खरं आहे का?

तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिथे आशा होती.

"नाही," मी म्हणालो. "मी बनवलं ते."

ती दुकानात शिरून आजीच्या शेजारी उकिडवी बसली. मी पाठोपाठ गेलो, मध्ये बोलायला. तिने हात वर करून मला थांबवलं. "आजी," ती दखनीत म्हणाली, "मामा जो बोले ना, पापा वैसा नै बोले. पापा क्या बोले मेरेकु समझाइच नै. मराठी में बोले. मेरेकु नै आती."

मावशींचा हात पातेल्याच्या काठावर होता. त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे. "मास्तर, खरं का?"

"हो, मावशी."

"कशापायी?"

मी रचलेल्या पातेल्यांकडे बघितलं.

"मी चार घरी फोन केले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चार घरी सांगितलं, लेकरू येतो म्हणलं. तुमी येवढे शिकलेले. पोरगी म्हणती कळलं नाई, तर कळलं नाई म्हणायचं. तेवढं मला सोसलं नसतं व्हय?"

दुकानदार दुसरीकडे बघू लागला. मावशी पायरीवर बसल्या आणि प्राचीला शेजारी ओढलं. आणि मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि माझी कुणाला गरज नव्हती.

"बोलते वक्त मुँह किधर था उसका?"

"मेरी तरफ."

"गुस्से में था?"

"नै आजी. बीच में हँस रे थे."

"हँस रा था?" मावशींनी डोळे मिटले. "रोया?"

"एक बार. फिर हँसे."

"नाम किसका लिया?"

"आपका. माय, माय बोले. मेरा बोले. और भी नाम थे, वो लोगां मेरेकु मालूम नै."

"हाथ?"

"मेरा हाथ पकड़े. ऐसा." प्राचीने आजीचं मनगट धरून दाखवलं. घट्ट, आणि दोनदा किंचित हलवून, जसं आपण उत्तर मागताना हलवतो.

मावशी त्या हाताकडे बघत राहिल्या. "कुछ पूछ रा था तेरेकु."

"हौ. बोलते, फिर रुकते, मेरेकु देखते. जवाब होना बोलके."

"फिर तू क्या बोली?"

प्राचीचा आवाज एकदम लहान झाला. "येस पापा बोली. हर बार. वो रुकते, मैं येस पापा बोलती. और क्या बोलती आजी?"

"हौ बोली."

"हौ बोली."

"फिर?"

"फिर वो हाथ छोड़े. और सो गए."

गल्लीतून एक हातगाडी गेली, ओरडत, वाट मागत. मग प्राची मराठीत म्हणाली, आणि या वेळी ती अडखळली नाही, "आजी, मी कशाला हो बोलली?"

मावशींनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. त्यांना उत्तर माहीत नव्हतं, आणि त्यांनी बनवलंही नाही.

बऱ्याच वेळाने दुकानदाराने हळूच विचारलं, "अम्मा, बाँधूँ क्या?"

"नक्को बाबा. रख दे."

त्याने पातेलं काठीने उचलून पुन्हा वर टांगलं.

परतीनंतर

परतीच्या बसमध्ये मावशींनी माझ्याकडून तेच चार नंबर लावून घेतले. प्रत्येकाला म्हणाल्या, "काल सांगितलं ते खोटं व्हतं. लेकरू काय बोललं ते कोणाला उमगलं नाई. पोरगी हौ म्हणली." फोन मी त्यांच्या कानाशी धरत होतो. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

प्राची आता रविवारी आजीला फोन करते. मिलिंद काय काय बोलला असेल, हे त्या दोघी ठरवू पाहतात. आजी सांगते, त्याला घराच्या गळक्या पत्र्याची काळजी होती. त्याच्या चुलतबहिणीला नवऱ्याने टाकलं, तिची होती. बांधावरची जांभूळ कुणी तोडू नये, असं तो म्हणायचा. प्राची ऐकून घेते आणि एकेक गोष्ट करून टाकते. चुलतबहिणीला ती स्वतः जाऊन भेटून आली. गेल्या महिन्यात सुट्टी काढून गावी आली आणि पत्रे बदलून घेतले. मी नांदेडहून गेलो होतो, पण शिडी धरण्यापलीकडे मला काही काम नव्हतं.

काम संपलं. तिघं ओट्यावर बसलो. मावशी वर बघत म्हणाल्या, "ये भी बोला होइंगा."

"और क्या बोले होंगे आजी?" प्राचीने विचारलं. हाताला गंज लागलेला होता, तो ती ओढणीला पुसत होती.

मावशींनी विचार केला. आधी दखनीत काहीतरी म्हणणार होत्या, मग मराठीतच म्हणाल्या, हळू, तिला कळेल अशा बेताने :

"बास कर आता, माय. मरताना कोणी येवढं बोलत नसतं."

प्राचीने मान खाली घातली. हो मात्र म्हणाली नाही.